खांदा सारखा निखळतो – ऑपरेशन होऊन दहा-पंधरा वर्षं झालेलं कोणी आहे का इथे?

जुना_कोपरारक्षक | मंगळवार, रात्री ९.४२

मंडळी नमस्कार, लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

माझा भाचा, एकोणीस पूर्ण, कबड्डी खेळतो, चढाईला जातो. जिल्ह्याच्या संघात होता, पुढच्या वर्षी राज्य निवड चाचणीला जायचं डोक्यात आहे आणि ते नाही जमलं तर पोलीस भरती. सतरा वर्षांचा असताना मॅटवर बोनस मारून परत फिरला, तिघांनी साखळी करून मागं ओढला आणि हा हात लांब करून मध्यरेषेला टेकायच्या नादात, तिथंच उजवा खांदा निखळला. संघातल्याच कोणीतरी ओढून बसवला. मग गळ्यात पट्टा, दुखायचं थांबल्यावर पट्टा काढून पुन्हा मैदान, एक्सरे वगैरे काही नाही. त्यानंतर किती वेळा निघाला त्याचा हिशेब आता त्यालाच नाही. आधी फक्त खेळताना निघायचा, आता शर्टाच्या बाहीत हात घालताना निघतो, एसटीत वरची दांडी धरली की निघतो, झोपेत कूस बदलली तरी निघतो. स्वतःच बसवतो आणि परत झोपतो. आईला (म्हणजे माझ्या ताईला) हे बघवत नाही.

दोन हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले दुर्बिणीतून करू, फाटलेली कड परत वाटीला शिवायची, बँकार्ट. दुसरे म्हणाले दुर्बिणीवर भागणार नाही, ओपन करावं लागेल, खांद्याच्या पुढचं एक छोटं हाड कापून वाटीच्या काठाला दोन स्क्रूनी बसवायचं, लातार्जे. आता गंमत बघा, दोघंही सांगतात नव्वद टक्क्यांच्या वर यश. मला हे यशच कळेना झालंय. कशाचं यश? आणि कधीपर्यंतचं? यूट्यूबवर सगळे सहा महिन्यांचे हिरो आहेत, डंबेल उचलून दाखवतात. मला ते नकोत. ज्यांच्या ऑपरेशनला दहा, पंधरा, वीस वर्षं झाली त्यांचा खांदा आज कसा आहे ते सांगा. चांगलं-वाईट दोन्ही चालेल.

---

खडकवासला_लोकल | मंगळवार, रात्री १०.१५

मी आहे तुमच्या कामाचा. दुर्बिणीतून बँकार्ट, बाविसाव्या वर्षी, आता चाळिशीला आलोय. पोहायचो, वॉटरपोलो खेळायचो, त्यात गेला होता.

पहिली काही वर्षं एकदम मस्त. खरंच सांगतो, विसरून गेलो होतो की कधी खांद्याचं काही झालं होतं. डॉक्टरांच्या वहीत मी यशस्वी म्हणूनच नोंदला गेलो असणार कारण दोन वर्षांनी दाखवायला गेलो तेव्हा टकाटक होतो, त्यानंतर कोणी विचारलं नाही आणि मी गेलो नाही. मग आठवं-नववं वर्ष असेल, सिंहगडाच्या उतारावर गाडी घसरली, फार मोठं नाही, पण हात टेकला आणि निघाला. त्यानंतर पूर्ण असा निघत नाही, अर्धा सरकतो आणि परत जातो. दुसरं ऑपरेशन केलेलं नाही. फ्रीस्टाइल सोडलं, ब्रेस्टस्ट्रोक करतो. बॅडमिंटनमध्ये स्मॅश मारत नाही. दुखत नाही म्हणजे फार नाही, पावसाळ्यात जरा ठणकतो.

परत करशील का विचारलं तर हो करेन, ती आठ वर्षं फुकट नव्हती. पण तेव्हा कोणी सांगितलं असतं की बाबा हे आयुष्यभराचं नसू शकतं तर बरं झालं असतं.

---

मृण्मयी_फिजिओ | मंगळवार, रात्री ११.३०

जुना_कोपरारक्षक, तुमचा "कशाचं यश आणि कधीपर्यंतचं" हा प्रश्न फार नेमका आहे. मी सर्जन नाही, फिजिओ आहे, पण खांद्याचे पेशंट रोज बघते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

खांद्याची वाटी मुळात उथळ, बशीवर चेंडू ठेवावा तशी अवस्था. लॅब्रम नावाची कड आणि पुढचे लिगामेंट यांच्यामुळे तो चेंडू जागेवर राहतो. साधारण शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खांदा पुढच्या बाजूला निखळतो आणि तेव्हा पुढची कड वाटीपासून सुटते. ब्लंडेल बँकार्ट या ब्रिटिश सर्जननं १९२३ मध्ये सांगितलं की वारंवार निखळण्याचं मूळ हेच, म्हणून ती परत शिवण्याच्या ऑपरेशनला त्याचं नाव.

पण खांदा निखळताना फक्त कड फाटत नाही. वाटीचा पुढचा काठ तुटतो किंवा दर वेळी थोडा थोडा झिजतो, आणि बॉलच्या (म्हणजे दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याच्या) मागच्या अंगाला खाच पडते, तिला हिल-सॅक्स म्हणतात (हे दोघे रेडिओलॉजिस्ट, त्यांनी १९४० मध्ये लिहिलं). म्हणजे हाड गेलं. आणि सगळी मेख इथे आहे. बर्कहार्ट आणि डी बीअर या दोन सर्जननी २००० मध्ये स्वतःच्या १९४ दुर्बिणीच्या बँकार्टचा हिशेब मांडला. ज्यांचं हाड शाबूत होतं त्यांच्यात परत निखळण्याचं प्रमाण ४ टक्के. ज्यांच्या हाडाची मोठी हानी होती त्यांच्यात ६७ टक्के. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळातले आणि हाड गेलेले, त्यांच्यात तर ८९. ऑपरेशन तेच, हात तेच, फरक फक्त कोणाच्या खांद्यावर केलं त्याचा. त्यामुळे "बँकार्टचं यश किती" हा प्रश्नच अर्धवट आहे.

भाच्याचं इथे बसून गणित करता येतं. बालग आणि बॉइलो यांनी २००७ मध्ये दहा मार्कांची एक पद्धत दिली. वय वीस किंवा कमी, २ मार्क. स्पर्धात्मक खेळ, २. धडक बसणारा किंवा हात डोक्यावर नेऊन जोर लावायचा खेळ, १. सांधे मुळात सैल, १. साध्या एक्सरेत बॉलची खाच दिसते, २. वाटीच्या काठाची रेघ पुसट, २. इथे जास्त मार्क म्हणजे वाईट. सहापर्यंत परत निखळण्याचा धोका साधारण दहा टक्के, सहाच्या वर सत्तर. तुमच्या भाच्याचे एक्सरे न बघताच पाच झाले! एक्सरेत यातलं एक जरी दिसलं तरी सात. आणि एवढ्या वेळा निघालेल्या खांद्यात काहीच दिसणार नाही हे मला अवघड वाटतं.

तेव्हा थ्रीडी सीटी झालाय का? कोणीच सांगितला नसेल तर आधी तो करा, कुठलं ऑपरेशन ते मग.

---

कॉमन_सेन्स | बुधवार, सकाळी ७.०५

एवढी पोरं कबड्डी खेळतात, सगळ्यांची ऑपरेशनं होतात का? आमच्याकडं हाडवैद्य होते, खांदा बसवून लेप लावून एकवीस दिवस बांधून ठेवायचे. आता दिसला पेशंट की सीटी, दिसला की स्क्रू. व्यायाम करून दंड-खांदे मजबूत केले की कशाला निखळतोय. मेडिक्लेम आल्यापासून हे जास्त झालंय.

---

मृण्मयी_फिजिओ | बुधवार, सकाळी ८.२०

@कॉमन_सेन्स, सगळ्यांचं ऑपरेशन करायचं नसतंच, यात तुमचं बरोबर आहे. चाळिशीनंतर पहिल्यांदा निखळला तर परत निखळायची शक्यता कमी, तिथं उलट रोटेटर कफचा स्नायू फाटलाय का ते बघावं लागतं. पण कोवळ्या वयात गोष्ट वेगळी. एडिंबरामध्ये १५ ते ३५ वयाचे अडीचशे पेशंट पहिल्यांदा निखळल्यावर ऑपरेशन न करता नुसते बघत राहिले, २००६ चा अभ्यास. दोन वर्षांत निम्म्याहून जास्त जणांचा खांदा परत गडबडला, पाच वर्षांत दोन तृतीयांश जणांचा. वय जितकं कमी तितकं प्रमाण जास्त, आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त.

व्यायामानं स्नायू वाढतात, सुटलेली कड परत चिकटत नाही आणि झिजलेलं हाड परत येत नाही. हाडवैद्यांचं म्हणाल तर बसवण्याआधी आत फ्रॅक्चर आहे का, काखेतली नस दबलीय का हे हातानं कळत नाही. हाड तुटलेलं असताना ओढलेला खांदा मी पाहिलाय, त्यावर जास्त लिहीत नाही.

---

येव्लेच्या_वाटेवर | बुधवार, दुपारी १.४० (इकडे सकाळ आहे अजून)

मी स्वीडनमध्ये. कॉमन_सेन्स यांच्या बाजूनं थोडं बोलतो, मग विरुद्धही बोलेन.

मला इथं स्कीइंग करताना झालं, इथल्या डॉक्टरनं घाई केली नाही आणि कारण म्हणून जो अभ्यास सांगितला तो याच देशातला. येव्ले गावच्या लेनार्त होवेलियस या सर्जननं १९७८-७९ मध्ये पहिल्यांदा खांदा निखळलेले १२ ते ४० वयाचे २५५ पेशंट घेतले, स्वीडनभरच्या २७ हॉस्पिटलांतून, आणि तब्बल २५ वर्षं त्यांच्या मागे राहिला. दोन वर्षांनी, पाच, दहा, पंचवीस, प्रत्येक टप्प्याला. असलं चिकाटीचं काम मला तरी दुसरं माहीत नाही. त्यात निघालं काय? १२ ते २५ वयाच्या, ऑपरेशन न केलेल्या खांद्यांपैकी जवळपास निम्मे एकतर परत निखळले नाहीत किंवा आधी निखळत होते ते काळानं आपोआप स्थिर झाले. आणि पट्टा तीन-चार आठवडे बांधा की दुखायचं थांबल्यावर काढा, पुढच्या निखळण्यात काही फरक नाही. एकवीस दिवसांच्या लेपाचं काय ते बघा आता.

पण दुसरी बाजू. त्याच लोकांचे पंचवीस वर्षांनी एक्सरे काढले. ४४ टक्के खांदे अगदी नॉर्मल, बाकीच्यांत कमी-जास्त झीज, १७ टक्क्यांत गंभीर. एकदाच निखळून परत कधीच न निखळलेल्यांतसुद्धा मध्यम ते गंभीर झीज १८ टक्के. वारंवार निखळत राहिला आणि ऑपरेशन केलं नाही त्यांच्यात ३९. ऑपरेशन केलेल्यांत २६. म्हणजे "ऑपरेशन केलं की पुढं संधिवात होतो" हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते अर्धंच आहे. न करता निखळत ठेवला तर जास्त होतो. आणि पहिल्या झटक्यातच काहीतरी कायमचं नुकसान होतं, त्याला कोणाचाच इलाज नाही.

माझा स्वतःचा परत निघाला नाही. पण मी छत्तिशीत पडलो होतो आणि कबड्डी खेळत नाही.

---

बंडोपंत_निवृत्त | बुधवार, सायं ५.१०

वीस वर्षांच्या पुढचे मागितले होते म्हणून लिहितो. माझे ऑपरेशन १९८४ चे. पुट्टी-प्लॅट म्हणायचे त्याला. पुढचा स्नायू आणि सांध्याचे वेष्टण दोन पदरी करून घट्ट शिवून टाकायचे, म्हणजे हात बाहेरच्या बाजूला वळलाच नाही पाहिजे. नाही वळला तर निखळणार कुठून! आणि नाही निखळला, आजतागायत एकदाही नाही. त्या काळच्या हिशेबाने शंभर टक्के यश.

पण हात कोपरात वाकवून अंगाशी धरला तर बाहेर वळतच नाही. डोक्यामागे हात जात नाही, भांग पाडायला डावा हात. बँकेत होतो म्हणून निभावले. पन्नाशीनंतर दुखणे सुरू झाले, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, बॉल सतत मागे दाबला जाऊन वाटी मागून खराब झाली असे डॉक्टर म्हणाले. शेवटी सांधा बदलला. आता बरा आहे, पण वर फार जात नाही. आता ते ऑपरेशन कोणी करत नाही म्हणतात, ते ठीकच आहे.

सांगायचे काय, भाच्याच्या डॉक्टरांना हेही विचारा की हात बाहेर किती वळेल. निखळत नाही एवढ्यावर खूश होऊ नका.

---

मृण्मयी_फिजिओ | बुधवार, रात्री १०.०५

बंडोपंत काका, तुमचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. पुट्टी-प्लॅट, मॅग्नसन-स्टॅक, ही सगळी घट्ट करणारी ऑपरेशनं तशीच संपली. खांदा जागेवर राहिला, सांधा गेला. त्या पेशंटांना दोन वर्षांनी कोणी विचारलं असतं तर सगळे खूशच होते. हे कळायलाच वीस वर्षं लागली.

२००० च्या आसपास अजून एक फॅड आलं होतं, दुर्बिणीतून उष्णता देऊन सैल वेष्टण आकसवायचं. झटपट, टाके नाहीत. काही वर्षांत कळलं की परत सैल होतंय, आणि काही जणांचं आतलं कूर्चाच जळून गेलं, विशीतल्या पोरांचं. ते बंद पडलं.

आता आजची दोन ऑपरेशनं. दहा वर्षं किंवा जास्त फॉलोअप असलेले सगळे अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये दोन आढावे आले, एक दुर्बिणीच्या बँकार्टचा, एक लातार्जेचा. बँकार्ट: पूर्ण निखळणं किंवा अर्धवट सरकणं धरून साधारण ३१ टक्के, पूर्ण निखळणं १६. लातार्जे: सगळं धरून साडेआठ, पूर्ण निखळणं ३ च्या आसपास. आता बघा, "खांदा परत निखळला का" विचारलं तर बँकार्टचं यश चौऱ्याऐंशी, "कधी सरकल्यासारखं होतं का" विचारलं तर एकोणसत्तर. पेशंट तेच. खडकवासला_लोकल पहिल्या सहा-सात वर्षांत एका रकान्यात होते आणि आता दुसऱ्या. (हे दोन आढावे थेट एकमेकांसमोर ठेवायचे नसतात, पेशंट वेगवेगळे असतात, पण दिशा कळते.)

२०१६ मध्ये झ्युरिकच्या टीमनं आपल्याच हॉस्पिटलातली दोन्ही ऑपरेशनं किमान सहा वर्षांनी तपासली. लातार्जेमध्ये जे बिघडायचं ते सुरुवातीलाच बिघडतं, नंतर फारसं नाही. बँकार्टमध्ये दर वर्षी थोडे थोडे गळत राहतात.

---

दोन_नंबर_टी_शर्ट | बुधवार, रात्री १०.३०

श्रेयस अय्यरचं बघा ना. २०२१ च्या मार्चमध्ये आपल्या गहुंज्याला इंग्लंडविरुद्ध डाइव्ह मारताना डावा खांदा गेला, एप्रिलमध्ये ऑपरेशन, सप्टेंबरमध्ये यूएईत आयपीएल खेळत होता. आणि त्यानंतर किती धावा केल्यात बघा. एवढं घाबरायचं काय त्यात.

---

खडकवासला_लोकल | बुधवार, रात्री १०.५०

पाच महिन्यांत परत आला म्हणजे परत आला एवढंच. आणि तो डावा खांदा, उजव्यानं फेकणारा माणूस. कबड्डीतल्या चढाईत तिघं जण हात धरून ओढणार, त्याची तुलना नको.

---

इप्पॉन_ताई | गुरुवार, सकाळी ६.५५

मी लातार्जेवाली. ज्युदो खेळायचे, राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत. आधी दुर्बिणीचं बँकार्ट केलं होतं ते दीड वर्षात फेल गेलं (कड हाडाला धरून ठेवणाऱ्या खुंट्या, म्हणजे अँकर, तीनच टाकले होते, नंतर वाचलं की चारपेक्षा कमी असले तर धोका वाढतो, तेव्हा कोण विचारतंय). मग दुसऱ्या शहरात जाऊन लातार्जे. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. मुद्द्याचं सांगते.

निखळला नाही. एकदाही नाही. ज्युदोत परत उतरले, वरच्या पातळीवर मात्र नाही, खांद्यामुळे नाही तर मधल्या काळात वय आणि नोकरी. मुलाला दोन वर्षं कडेवर घेऊन फिरले, काही झालं नाही.

पण. पहिले तीन-चार महिने दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर होतं, काखेतली नस ताणली गेली होती, ती आली परत. मग पाचव्या वर्षी पुढच्या बाजूला टोचायला लागलं, हात आत वळवला की कटकट. सीटी केला तर बसवलेल्या हाडाचा वरचा भाग विरघळलेला (हे बऱ्याच जणांचं होतं म्हणे) आणि स्क्रूचं डोकं उघडं पडून स्नायूला घासत होतं. स्क्रू काढला, टोचणं गेलं. हात बाहेर वळवताना दुसऱ्या हातापेक्षा थोडा कमी वळतो, बंडोपंत काकांसारखं नाही, पण फेकायचे खेळ असतील तर जाणवेल. एक्सरेत बॉलच्या खालच्या बाजूला हाडाचं टोक वाढायला लागलंय, तीन मिलिमीटरच्या आत आहे म्हणून सौम्य, तीन ते सातपर्यंत मध्यम, त्याच्या वर गंभीर असं डॉक्टरांनी समजावलं.

आणि एक गोष्ट कोणी लिहीत नाही. भीती. खांदा पक्का असूनही हात वर आणि मागे गेला की पोटात गोळा येतो अजून. डोकं विसरत नाही. पहिल्या वर्षी तर रँडोरीत (ज्युदोतल्या सरावाच्या झुंजीत) मी ती बाजू पुढेच आणत नव्हते. याच्यावर वेगळं काम करावं लागलं, चांगला फिजिओ असल्याशिवाय ते होत नाही.

---

तालमीतला_तात्या | गुरुवार, सकाळी ९.३०

ताई भारी लिवलंय. आमच्या तालमीत दोन पैलवानांची झाली ही ऑपरेशनं. एकानं बँकार्ट करून चौथ्या महिन्यात वस्तादांना न सांगता मातीत उतरला, समोरच्यानं ढाक मारली, संपला विषय. दुसऱ्यानं लातार्जे केलं पण हाड जुळंना. डॉक्टरनं विचारलं काय खातोस, गडी म्हणला बदाम, दूध, तूप. मावा सांगितला नाही! कोपरारक्षक, भाचा मावा-तंबाखू-सिगरेट काय करत असंल तर आधी ते बंद करा, स्क्रूनं नुसतं धरून ठेवायचं असतंय, जुळायचं हाडानंच असतंय.

---

मृण्मयी_फिजिओ | गुरुवार, सकाळी १०.१०

तात्या, अगदी. निकोटिननं हाड जुळायला अडथळा येतो.

ताईंनी सांगितलेलं हाडाचं टोक, त्यात भर. लातार्जेनंतरच्या झिजेत सर्जनच्या हाताचा वाटा मोठा असतो. बसवलेलं हाड वाटीच्या काठाशी सपाट हवं. थोडं जरी बाहेर सांध्याच्या बाजूला आलं तर बॉल त्याच्यावर घासतो आणि दहा-पंधरा वर्षांत सांध्याचं वाटोळं होतं. फार आत बसवलं तर निखळायचं थांबत नाही. मिशेल लातार्जेनं हे १९५४ मध्ये लियाँमध्ये मांडलं, तेव्हापासून तंत्र सुधारलंय, पण हा मिलिमीटरचा हिशेब तसाच आहे. म्हणून "तुम्ही ही ऑपरेशनं किती केली" हे विचारायला लाजू नका.

आणि अजून एक पर्याय राहिला, रेम्प्लिसाज. बॉलची खाच मोठी पण वाटीचं हाड फारसं गेलेलं नसेल तर बँकार्टसोबत मागचा स्नायू त्या खाचेत शिवून ती भरून टाकतात. दुर्बिणीतूनच होतं. कोणाला योग्य हे सीटीवर ठरतं.

---

निनावी_पालक | गुरुवार, दुपारी ३.२५

मुलाला फिट्स येतात, प्रत्येक झटक्यात खांदा निखळतो. त्याला यातलं कुठलं? धागा दुसऱ्याचा आहे, माफ करा.

---

मृण्मयी_फिजिओ | गुरुवार, दुपारी ४.००

आधी न्यूरोलॉजिस्ट. फिट्स आटोक्यात नसतील तर कुठलंही ऑपरेशन तुटायची भीती असते, फिटमध्ये स्नायूंचा जोर प्रचंड असतो. आटोक्यात आल्या की मग खांदा, आणि तेव्हा बहुतेक हाडाचंच ऑपरेशन सुचवतात. अजून एक, फिटमध्ये खांदा मागच्या बाजूलाही निखळतो आणि तो साध्या समोरून काढलेल्या एक्सरेत निसटतो. बाजूचा व्ह्यू काढला का ते विचारा.

---

जुना_कोपरारक्षक | पुढच्या सोमवारी, रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार, ताईला फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. बंडोपंतांचा दोनदा.

सीटी झाला. वाटीचं हाड १८ टक्के गेलंय, आणि रिपोर्टमध्ये खाच "ऑफ ट्रॅक" लिहिलंय, म्हणजे हात वर-मागे नेला की ती खाच वाटीच्या काठावर अडकून बॉल बाहेर पडतो असं समजावलं. सीटी घेऊन आधी पहिल्या डॉक्टरांकडेच गेलो, दुर्बिणीवाल्या. त्यांनी बघितला आणि सरळ म्हणाले की हे बघितल्यावर मीही दुर्बिणीचं सांगणार नाही, आणि लातार्जे मी फार करत नाही, तुम्ही त्या दुसऱ्यांकडेच करा. मला हे लय आवडलं, खरं सांगतो. पंचवीसच्या आत असलं तर पूर्वी चालवून घ्यायचे, आता साडेतेराच्या वर गेलं तरी विचार करतात असं ते म्हणाले.

दुसऱ्या डॉक्टरांना तुमचे सगळे प्रश्न विचारले. हात किती वळेल: थोडा कमी, दहा अंशाच्या आसपास, चढाईत जाणवणार नाही. झीज: होईल, पण आत्ता जे चाललंय त्यानं जास्त होईल. किती केली: दर महिन्याला करतात. तीन महिन्यांनी सीटी करून हाड जुळलंय का बघणार, त्याआधी जोर नाही, सहा महिन्यांआधी मॅट नाही. "यश किती" विचारलं तर म्हणाले परत निखळणार नाही याची बऱ्यापैकी खात्री, दुखणार नाही याची नाही. हे उत्तर मला पटलं.

भाचा सिगरेट ओढतो हे त्याच खोलीत कळलं, ताईसमोर. तो वेगळा अध्याय.

कबड्डीचं अजून डोक्यातून गेलेलं नाही त्याच्या. मी म्हटलं कोपऱ्यात खेळ, बचावाला. तर डॉक्टर म्हणाले पायाची पकड करतानाही हात तसाच ओढला जातो, फार फरक नाही. एक शंका राहिली, भरतीत गोळाफेक असते, उजवा हात. जमेल का? आणि ऑपरेशननंतर कागदपत्रं काय मागून घ्यायची?

---

इप्पॉन_ताई | सोमवारी, रात्री ९.३५

गोळा फेकताना हात मानेपाशी असतो, डोक्यामागे जात नाही, त्यामुळे भाल्यापेक्षा सोपं. माझ्यासोबतच्या एकीनं लातार्जेनंतर भरती दिली आणि झाली. पण वर्ष जाऊ द्या, आणि सुरुवात हलक्या गोळ्यानं. वैद्यकीय तपासणीत व्रण दिसणारच, तेव्हा लपवू नका, सगळं जवळ ठेवा.

कागदांचं: डिस्चार्ज कार्डावर फक्त "खांद्याचं ऑपरेशन" लिहून देतात काही ठिकाणी, ते पुरत नाही. पूर्ण ऑपरेशन नोट मागा, कुठलं हाड, किती स्क्रू, आत काय दिसलं. स्क्रूच्या पाकिटावर स्टिकर असतं, कंपनी, माप, धातू सगळं त्यावर, ते फाइलला चिकटवायला सांगा. स्क्रू टायटॅनियमचे की स्टीलचे ते पुढे एमआरआय करताना विचारतात आणि काढायची वेळ आली तर कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल तेही त्याच्यावरूनच कळतं. माझं स्टिकर नव्हतं, दुसऱ्या डॉक्टरांना दोन-तीन कंपन्यांचे सेट मागवून ठेवावे लागले होते, त्याचे पैसे बिलात. ऑपरेशनआधीचा सीटी सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, नुसत्या फिल्म नको. आणि व्हॉट्सअॅपवर ठेवू नका, फोन बदलला की गेलं.

पट्ट्यात असताना झोपायला आरामखुर्ची बघून ठेवा, पहिले दोन आठवडे आडवं होता येत नाही.